टेकडीवर प्रोफेसरना वाचता येत नसे

लुइव्हिलच्या वॉलनट स्ट्रीटवर लिअँडर पॉइंडेक्स्टरला सगळे प्रोफेसर म्हणत. न्हाव्याच्या दुकानात तो शिरला की खुर्चीतला माणूससुद्धा साबण लावलेल्या तोंडाने नमस्कार करी. त्याने कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पण बारा माणसांचा नाचाचा बँड चालवणाऱ्याला दुसरं काय म्हणणार? शिवाय स्वरलिपी लिहिण्यात त्याचा हात धरणारा त्या सबंध रस्त्यावर कुणी नव्हता. मार्केट स्ट्रीटवर एक म्हातारा जर्मन चांभार होता. तो फावल्या वेळात व्हायोलिन वाजवी आणि बूट शिवता शिवता तोंडाने हिशेब सांगावा तसे स्वरमेळ सांगे. लिअँडर नऊ वर्षांचा असल्यापासून त्याच्याकडे खिळे सरळ करायला जाई आणि बदल्यात शिकून घेई. विसाव्या वर्षापर्यंत तो पाच रेघांच्या कागदावर इतकं सुबक लिहू लागला की बँडमधले लोक म्हणत, प्रोफेसरच्या कागदावर धूळ बसली तरी ती सुरात बसेल.

हाच माणूस गाड्या बदलून टेकडीवरच्या गोऱ्यांच्या घरात गेला की अंगठाछाप होई.

ते कसं झालं ते सांगतो. १९०८ साली बँड उभा राहिला आणि पहिलंच मोठं काम एका तंबाखूवाल्या शेटच्या घरी मिळालं. दुपारचा चहा आणि नाच. बाराही जणांनी नवे काळे कोट घातले, कागद ठेवायच्या घोड्या नेल्या, एकही सूर इकडचा तिकडे होऊ न देता वाजवलं. घरची बाई मात्र नाराज. तिने येऊन घोडीवरचा कागद दोन बोटांत उचलून पाहिला आणि म्हणाली, हे काय, मला वाटलं होतं तुम्ही लोक मनाचं वाजवता. कागद बघून वाजवणारे तर आमच्याकडेही आहेत. पुढचं काम नदीपलीकडच्या एका टोळक्याला मिळालं. त्यांना खरोखरच काही वाचता येत नव्हतं आणि वाजवताही बेताचंच येई.

लिअँडरला दोनदा सांगावं लागत नसे. घोड्या आमच्या चर्चच्या तळघरात गेल्या आणि तिथेच राहिल्या. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी त्या तळघरात तालीम चाले. बाहेर निघालेलं प्रत्येक नवं गाणं लिअँडर त्याच आठवड्यात आणी, बारा जणांसाठी बारा कागद लिही, आणि शनिवारपर्यंत ते सगळ्यांच्या तोंडपाठ झालेलं असे. मग टेकडीवर नाटक. यजमानीणबाई विचारी, हे नवं गाणं ऐकलंय का? बारा जण एकमेकांच्या तोंडाकडे बघत. लिअँडर डोकं खाजवी. म्हणे, नाही बाईसाहेब, पण कुणी एकदा वाजवून दाखवलं तर बघतो प्रयत्न करून. घरातली एखादी मुलगी पियानोवर बसे. हे सगळे तोंडं उघडी टाकून ऐकत. मग सुरुवात होई, आणि पहिल्या ओळीत ट्रॉम्बोनवाला एमॉस क्वार्ल्स हटकून चुके. चुकण्याचं काम त्याच्याकडेच होतं, कारण सबंध बँडमध्ये तोच एक असा पक्का होता की ठरवून चुकू शके. दुसऱ्या वेळी गाणं असं उठे की पाहुणे टाळ्या वाजवत आणि म्हणत, यांना हे देवाकडूनच येतं.

या टेकडीवर मिसेस प्रेविट ही त्यांची मोठी आश्रयदाती. वर्षाला दहा-बारा कामं एकट्या तिच्या घरची, आणि तिच्या शब्दावर आणखी तीस घरांची. बाई मनाने वाईट नव्हती. नाताळात बाराही घरी हॅम पाठवी. पाहुण्यांना हाताला धरून लिअँडरपुढे आणी आणि सांगे, बघा, याला सा म्हणजे काय हेही ठाऊक नाही. तिची मुलगी ल्यूसी पियानोवर गाणी वाजवून दाखवी आणि तिसऱ्या ओळीत नेमाने चुके. मग बँडही तिसऱ्या ओळीत तस्साच चुके. पोरगी खूश होई. तळघरात लिअँडर कागदावर तिथे शिसपेन्सिलीने लिहून ठेवी, ‘ल्यूसी’.

घरी बायको ऑर्लीना हे ऐकून आधी हसे, मग हसेनाशी झाली. ती शिवणकाम करी आणि टेकडीवरच्या बायकांचे झगे बेतायला जाई, त्यामुळे त्यांची तोंडं तिला जवळून माहीत होती. एकदा मक्याचा पाव कापता कापता ती म्हणाली, “लिअँडर, तू त्यांना फसवतोयस असं तुला वाटतं. पण सात वर्षं रोज लंगडत चालला तर माणूस खरंच लंगडा होतो.” तो म्हणाला, बारा घरांच्या चुली पेटतात ना. ती पाव कापत राहिली. बारांपैकी एक चूल तिची होती.

आता त्या गाण्याचं. लिअँडरने तोवर तीसेक गाणी रचली होती, पण त्यातलं एकच त्याला आपलं वाटे. ऑर्लीनाचं मन वळवत होता तेव्हा ती नदीकाठच्या धुलाईखान्यात कामाला होती आणि दर रविवारी दुपारी तो तिला बोटीच्या धक्क्यावर बोलवी. ती येत नसे. सहा रविवार आली नाही. सातव्याला आली. तेच सहा रविवार त्याने पुढे १९११ साली गाण्यात घातले. चाल संथ, नाचायला सोपी, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी तिचं नाव पायरी पायरीने खाली उतरे. धक्क्यावर ये, ऑर्लीना. बँडने ते वाजवायला घेतलं आणि वर्षभरात गावातल्या गोऱ्या-काळ्या सगळ्यांच्या ओठांवर बसलं.

ऑर्लीना त्याच्या मागे लागली होती की ते छापायला पाठव, निदान वॉशिंग्टनच्या सरकारी नोंदणीला एक प्रत पाठवून नावावर करून घे. त्याने पाकीट तयार केलं, पत्ता घातला, आणि ते कपाटात ठेवलं. छापलं तर वर येणार, शब्द आणि संगीत लिअँडर पॉइंडेक्स्टर. तो कागद टेकडीवर पियानोवर जाणार. मग कुणीतरी विचारणारच, हे लिहिलं कुणी? पुढच्या वर्षी पाठवू, असं करत चार वर्षं गेली.

एका पियानोच्या दुकानात नॉर्बर्ट केसेल नावाचा गोरा माणूस छापील गाणी विकायला बसे. १९१४च्या उन्हाळ्यात बागेतल्या मंडपात बँड वाजत असताना तो तीन रविवार लागोपाठ आला आणि अगदी पुढे उभा राहिला. गाणं संपलं की म्हणे, ते धक्क्याचं पुन्हा होऊ दे की. लिअँडरने पाहिलं, त्याच्या हातात छोटी वही आहे. तो काय लिहितोय हे उलट्या बाजूनेही त्याला स्वच्छ वाचता येत होतं. पण ज्याला वाचता येत नाही त्याने हरकत कशाची घ्यायची? आणि खरी लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. चौथ्या ओळीत केसेलने एक सूर चुकीचा टिपला. लिअँडरला ते बघवेना. आपलं गाणं कुणी वाकडं लिहितंय हे त्याच्याने सहन होईना, म्हणून त्याने ती ओळ पुन्हा एकदा, सावकाश, प्रत्येक सूर सुटा सुटा करून वाजवली. केसेलने खोडलं आणि बरोबर लिहिलं. त्या क्षणी लिअँडरला बरं वाटलं. हे त्याने नंतर फक्त ऑर्लीनाला सांगितलं, आणि तेही खाली बघून.

पुढच्या एप्रिलमध्ये ऑर्लीना टेकडीवर एका घरी झग्याचं माप घ्यायला गेली होती. बाई कपडे बदलत होती तोवर हिची नजर पियानोवर गेली. गुलाबी मुखपृष्ठ, धक्का, बोट, आणि छत्री घेतलेली एक गोरी मुलगी. सिनसिनाटीला छापलेलं. शब्द आणि संगीत, नॉर्बर्ट केसेल. तिने पान उलटलं. सगळं होतं, सहाही रविवार होते. फक्त ऑर्लीनाच्या जागी एमलीन आली होती. तिने माप घेतलं, टाचण्या लावल्या, घरी आली आणि नवऱ्याला सांगितलं. रडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, “मला काढून टाकलंय, लिअँडर. धुऊन काढावं तसं.”

त्या दिवसापासून त्याला गाण्याखेरीज काही सुचेना. पैशाचं त्याच्या डोक्यातही नव्हतं. त्याला त्या पानावर दोन नावं हवी होती, आपलं आणि तिचं. तो केसेलच्या दुकानात गेला. केसेलने गोड बोलून वाटेला लावलं. वकिलाकडे गेला. आमच्याच रस्त्यावरचा वकील, त्याने स्पष्ट सांगितलं की वॉशिंग्टनला कागद ज्याचा गेला त्याचं गाणं, कोर्टात जाऊन हात पोळून घेऊ नका. मिसेस प्रेविटसारख्या कुणी छापणाऱ्याला पत्र लिहिलं तर मात्र वेगळं. ती केसेलच्या आधीपासून हे गाणं तुमच्या तोंडून ऐकतेय.

म्हणून लिअँडर तिच्याकडे गेला, मागच्या दाराने. तिने सगळं ऐकून घेतलं. तिला खरंच वाईट वाटलं. म्हणाली, रविवारी दुपारी ये, मी केसेललाही बोलावते. ख्रिस्ताच्या लेकरांसारखं समोरासमोर मिटवू.

शनिवारी सकाळी तळघरात अकरा जण जमले. तालीम नव्हती, लिअँडरलाच बोलावलं होतं. बोलायचं काम एमॉसकडे दिलेलं. एमॉस आणि लिअँडर एका गल्लीत वाढलेले, एका ओंडक्याला धरून नदी पोहलेले. एमॉसला सहा मुलं होती आणि सातवं वाटेवर होतं.

“लिअँडर, गाणं तुझंच आहे,” तो म्हणाला. “ते आम्ही चर्चच्या घंटाघरावर चढून सांगू. पण तिथं जाऊन एक गोष्ट बोलू नकोस. चाल माझी आहे म्हण, मला स्वप्नात आली म्हण, मेलेल्या आजीने दिली म्हण. लिहितो म्हणू नकोस.”

लिअँडरने शब्द दिला. बोलताना तो मनापासून बोलत होता. एकेकाशी हात मिळवला. एमॉस म्हणाला, जा, आणि कोट झटकून जा, खांद्यावर चुना लागलाय. सगळे हसले. तळघरातलं ते शेवटचं हसणं.

रविवारी प्रेविटबाईच्या दिवाणखान्यात केसेल आधीच चहा पीत बसला होता. लिअँडरला कुणी बस म्हटलं नाही, त्यानेही अपेक्षा केली नव्हती. ल्यूसी, सोळा वर्षांची, पियानोच्या स्टुलावर. केसेल तयारीने आला होता. तो म्हणाला की लिअँडर हे वाजवायचा हे मी नाकारतच नाही. पण हे लोक इकडून तिकडून सूर वेचतात. कुठल्या बोटीवरच्या हमालाकडून, कुठल्या दाईकडून, त्यांचं त्यांनाही माहीत नसतं. पाखरू गातं म्हणून कुणी गाणं पाखराच्या नावावर छापतं का? मी ते कागदावर आणलं. त्याआधी ते गाणंच नव्हतं.

मिसेस प्रेविटने मान हलवली. तिला ते पटलं, कारण तिच्या पाहुण्यांना ती हेच सांगत आली होती. ती हळू आवाजात, लहान मुलाची समजूत काढावी तशी म्हणाली, “लिअँडर, तूच मला सांगितलंस ना की तुला एक सूरसुद्धा वाचता येत नाही? मग तू हे लिहिलंस असं कसं म्हणतोस?”

त्याने ठरवलेलं वाक्य तोंडात घेतलं. चाल माझी आहे, बाईसाहेब. एवढंच. आणि तो ते म्हणालाही. पण बाईला वाटलं, नीट खात्री करून घेऊ. तिने ल्यूसीला सांगितलं, वाजव बघू एकदा, म्हणजे लिअँडरला आठवेल. ल्यूसीने गुलाबी पुस्तक उघडलं आणि गायलीही. नाव पायरी पायरीने खाली आलं, आणि ते एमलीन होतं. लिअँडर बागेत केसेलच्या वहीकडे बघत उभा राहिला होता तसाच इथेही उभा होता. आता फक्त डोकं खाजवायचं बाकी होतं.

तो म्हणाला, “मिस ल्यूसी, तुमची शिकवणीची वही द्या जरा.”

ती वही पाच रेघांची होती. त्याने पियानोच्या झाकणावर ठेवून लिहायला घेतलं. आधी नाव, धक्क्यावर ये, ऑर्लीना. मग आपलं नाव, मग साल. मग व्हायोलिनची ओळ, कॉर्नेटची ओळ, पियानोचे दोन्ही हात, ट्रॉम्बोनची ओळ. दहा-बारा मिनिटांत पान भरलं. हात इतका झरझर चालला होता की ल्यूसी स्टुलावरून उठून बघायला आली. केसेलचा चहा गार झाला. त्याला वाचता येत होतं, त्यामुळे पहिल्या दोन ओळींतच कळलं की समोर काय उतरतंय. छापलेल्यात ट्रॉम्बोनची ओळ नव्हतीच. तरी तो म्हणाला, छापील पुस्तक घरी नेऊन घोकलं असेल. आवाज मात्र त्याचा त्यालाच पटत नव्हता.

लिअँडरने वही मिसेस प्रेविटपुढे धरली. त्याला वाटलं, झालं. इतकं उघड आहे की आता बोलायचं काही उरलंच नाही.

बाईने वहीकडे बघितलंसुद्धा नाही. ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या मानेवर लाल डाग उठले होते.

“सात वर्षं,” ती म्हणाली. “सात वर्षं मी माझ्या घरात, माझ्या पाहुण्यांना सांगतेय की तुला येत नाही.”

“होय, बाईसाहेब.”

“आणि तू उभा राहून ऐकत होतास.”

ल्यूसीने हळूच विचारलं की मग मी वाजवून दाखवायचे तेव्हा तुम्हाला आधीच येत असायचं का. त्याच्यात खोटं बोलण्याची ताकद राहिली नव्हती. हो म्हणाला. मुलगी कानापर्यंत लाल झाली. तिसरी ओळ तिला तेव्हा आठवली असावी. आईने ते बघितलं, आणि मग संपलंच. गाणं कुणाचं ते मला माहीत नाही, बाई म्हणाली, पण ज्याने सात वर्षं माझी फसवणूक केली त्याच्या शब्दावर मी कुणाला पत्र लिहिणार नाही. तिला जे हवं होतं तेच त्याने तिला सात वर्षं दिलं होतं, आणि तो चोर ठरला. केसेल मात्र खुर्चीत बसूनच राहिला. चाकराने लिअँडरला मागच्या दारापर्यंत पोचवलं. वही पियानोवरच राहिली.

तो टेकडी पायी उतरला. घरी ऑर्लीनाला सगळं सांगितलं. तिने त्याच्या कोटाची बाही धरली. मग म्हणाली, माझं नाव लिहिलंस ते बरं केलंस. आणि थोड्या वेळाने म्हणाली, “एमॉसला काय सांगणार?”

सांगावं लागलं नाही. प्रेविटकडचा तो चाकर एमॉसच्या बायकोचा भाऊ. सोमवारी दुपारपर्यंत वॉलनट स्ट्रीटला सगळं माहीत झालं होतं, आणि टेकडीवरच्या तीस घरांनाही. बायका काही रागाने बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त बोलावणं बंद केलं. आपण हसलो तेव्हा हे लोक आपल्याला हसत होते, एवढं त्यांना पुरलं.

मंगळवारी तळघरात अकराही जण आले. वाद्यांच्या पेट्या उघडल्या नव्हत्या. एमॉसने टोपी काढली नाही.

“प्रोफेसर,” तो म्हणाला. तळघरात तो त्याला असं कधी हाक मारत नसे. “गाणं मिळालं का तुम्हाला?”

“नाही.”

“मग आमचं काम कशासाठी घालवलंत?”

लिअँडरने पुष्कळ उत्तरं जुळवून आणली होती. ट्रॉम्बोनची ओळ आपण सगळ्यांदेखत लिहिली, हेही सांगायचं होतं. ते सगळं त्याने सोडून दिलं. तो म्हणाला, “माझ्या तोंडून ‘नाही येत’ निघेना, एमॉस. मी प्रयत्न केला.”

“माझ्या निघालं असतं,” एमॉस म्हणाला. “आयुष्यभर चुकलोय मी तुमच्यासाठी.” आणि पेटी उचलून जिना चढला. बाकीचे एकेक करून मागोमाग गेले. कॉर्नेटवाला सगळ्यात शेवटी, दार हळू ओढून घेऊन.

एमॉस तंबाखूच्या गोदामात लागला. दोघे शिकागोला गेले, एक युद्धावर गेला आणि परत आला नाही. लिअँडर उन्हाळ्यात बोटींवर वाजवी आणि हिवाळ्यात चर्चमध्ये ऑर्गन. गुलाबी पुस्तक खपत राहिलं. आणि चीड येते ती याची की सहा-सात वर्षांत वारं फिरलं. हॉटेलांतून नवे बँड आले, काळ्या बो-टायचे, आणि प्रत्येकापुढे चकचकीत घोडी, घोडीवर कागद. आता टेकडीवरच्या बायकांना कागद नसलेला बँड गावंढळ वाटू लागला. लिअँडरने एकदा हॉटेलच्या खिडकीतून ते पाहिलं आणि चालू लागला. त्याचे अकरा जण कुठे होते आता?

सेहेचाळीसाव्या वर्षी त्याने त्याच तळघरात मुलांची शिकवणी काढली. १९२२च्या सप्टेंबरात एक सातेक वर्षांची मुलगी आली. नाव विचारलं तर म्हणाली, आयडेला क्वार्ल्स. एमॉसचं सातवं. त्या मंगळवारानंतर एमॉस त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता. रस्त्यात दिसला तर पलीकडून जाई.

“वडिलांना माहीत आहे तू आलीस ते?” लिअँडरने विचारलं.

“त्यांनीच पाठवलं. म्हणाले, त्यांच्याकडून सगळं शिकून घे. पण त्यांनी दुसरं काही विचारलं तर बोलू नकोस.” मग तिच्या लक्षात आलं की आपण आत्ताच बोललो, आणि तिने ओठ घट्ट मिटले.

लिअँडरने तिच्यापुढे कागद ठेवला, पाचही रेघांवरून तिचं बोट फिरवून घेतलं आणि त्यांची नावं सांगितली. ती पटापट शिकत होती. तास संपताना तो म्हणाला, “आयडेला, कुणी विचारलं वाचता येतं का, तर हो म्हणायचं. पहिल्याच दिवशी म्हणायचं. कळलं?”

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. तिने हो म्हटलं नाही की मानही हलवली नाही. हे सुरांबद्दल नव्हतं, आणि बापाने बजावलेलं होतं.